कापसाच्या बोंडातून जगाचा इतिहास : सातवी-आठवीच्या वर्गासाठी बारा तासिका

आठवीच्या इतिहासात ‘युरोप आणि भारत’ हा पाठ आला की पोरं पान उलटून किती उरलंय ते बघतात. मी वऱ्हाडातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि मला त्यांचा राग येत नाही. प्रबोधन, भौगोलिक शोध, औद्योगिक क्रांती, वसाहतवाद, असा काहीशे वर्षांचा ऐवज मोजक्या पानांत कोंबलेला आहे. दोन तासिकांत पाठ ‘होतो’, स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावरून उतरवली जातात आणि घटक चाचणीत एखादा लिहितो की जेम्स वॉटने अमेरिकेचा शोध लावला.

काही वर्षं हे पाहिल्यावर मी यादी सोडली आणि एक वस्तू धरली. आमच्याकडे ती कापूस आहे. बोंड हातात घ्यायचं, त्याच्या मागे मँचेस्टरला जायचं, अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या काठी जायचं, मुंबईच्या शेअर बाजारात जायचं आणि पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला परत यायचं. प्रत्येक थांब्यावर विचारायचं : यात कोणाचं भलं झालं आणि कोणाचं वाटोळं? जगाचा सगळा इतिहास यातून होत नाही, हे मान्य. पण तेरा वर्षांच्या पोराला जग एकमेकांत कसं अडकलंय ते दिसतं, आणि पुढे बारावीला हाच विषय पुन्हा भेटतो तेव्हा तो परका वाटत नाही.

तुमच्या गावात कापूस नसेल तर अडून बसू नका. उसाच्या पट्ट्यात साखर घ्या. साखरेचा माग कॅरिबियन बेटांवर नेतो, तसाच मॉरिशसलाही. तिथल्या उसाच्या मळ्यांवर कोकणातूनही मजूर गेले आणि मराठी मंडळी आजही तिथे आहेत. गोव्यात मिरची, काजू किंवा बटाटा घ्या, तिन्ही अमेरिकेतून आलेले. मुंबईत माळव्याची अफू आणि चीनचा चहा ही जोडी उत्तम, पण ती जरा मोठ्या मुलांना. खालची आखणी कापसाची आहे, सांगाडा सगळीकडे तोच चालेल.

घरी करायची तयारी

पहिलं काम गाळणीचं. कागदावर तुम्हाला सांगाव्याशा वाटणाऱ्या सगळ्या सनावळ्या लिहा आणि आठ सोडून बाकी खोडा. माझ्या आठ अशा : १७९३, १८०७, १८६१, १८६५, १८६९, १८७३, १८७५ आणि १९४४. सूत कातायच्या यंत्रांचे शोधक तीन-चार आहेत, मी एकाचंही नाव पाठ करायला लावत नाही. हात थरथरतो खोडताना, पण खोडा.

सामान फारसं लागत नाही. सरकीसकट, म्हणजे बियांसकट, अर्धा किलो कापूस, थोडी न उमललेली बोंडं, दहा मीटर सुतळी, कपडे वाळत घालायचे चिमटे, दोन-तीन वाट्या चिंचोके, जगाचा मोठा नकाशा आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. पोषण आहाराचा काटा चालत नाही, त्यावर तीस ग्रॅम कापूस ठेवला तरी काटा शून्यावरच झोपलेला असतो. किराणा दुकानातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा एका दिवसासाठी मागून आणा.

वेळ दिवाळीच्या सुट्टीनंतरची धरा. वेचणी सुरू झालेली असते, कापूस ताजा मिळतो. तेव्हा वर्गात हजेरी कमी असते हे खरं, कारण पोरं आईबरोबर वेचायला जातात. पण तीच पोरं दोन दिवसांनी वर्गात आली की या विषयात सगळ्यांच्या पुढे असतात. एरवी मागच्या बाकावर बसणारी मुलगी फळ्यापाशी येऊन बोंड कसं धरायचं ते दाखवते, ही कमाई मी दुसऱ्या कुठल्या पाठात पाहिली नाही.

तासिका १ आणि २ : बोंड, सुतळी, नकाशा

बोंड टेबलावर ठेवा आणि विचारा की पेरणीपासून अंगातल्या शर्टापर्यंत याला किती जणांचे हात लागतात. फळ्यावर यादी वाढत जाते : पेरणारा, निंदणारी, वेचणारी, गाडीवाला, व्यापारी, सरकी काढणारा जिनिंगवाला, गाठी बांधणारा, सूतगिरणी, शिंपी. आता विचारा, दीडशे वर्षांपूर्वी ही माणसं कुठे कुठे राहत होती? इथे माझ्या वर्गातून हमखास प्रश्न येतो, “मॅडम, अमेरिकेत बी कापूस पिकते काय?” उत्तर देऊ नका, नकाशाकडे बोट दाखवा.

नकाशावर पाच ठिकाणं शोधायला लावा : अमेरिकेचा दक्षिण भाग, लिव्हरपूल, मँचेस्टर, मुंबई आणि आपला जिल्हा. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला, म्हणून त्याआधीचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून न्यायचं. दोऱ्याने दोन्ही वाटा मोजल्या की कालवा कशासाठी खणला ते सांगावं लागत नाही.

मग सुतळी. १७५० पासून आजपर्यंत, एका वर्षाला ३ सेंटीमीटर धरले तर साधारण सव्वाआठ मीटर होते. वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधा, ती बाराही तासिका तशीच राहू द्या. आधी पोरांना स्वतःचं जन्मसाल चिमट्याने लावू द्या, मग आजी-आजोबांचं. स्वतःचं अख्खं आयुष्य चाळीस सेंटीमीटरमध्ये बसलेलं पाहून ती गप्प होतात. आजीचा चिमटा दोन मीटरवर जातो. त्यानंतर ‘१८६१’ हा आकडा आजीच्या पलीकडे किती पावलं आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसतं.

तासिका ३ : सरकी काढा

ही तासिका चुकवू नका. वर्गाचे गट पाडा, प्रत्येक गटाला ३० ग्रॅम कापूस मोजून द्या आणि हाताने सरकी वेगळी करायला सांगा. घड्याळ लावा. पहिली पाच मिनिटं मजा असते, दहाव्या मिनिटाला नखं दुखायला लागतात. शेवटी दोन्ही ढीग तोला : साधारण एक तृतीयांश रुई, दोन तृतीयांश सरकी. पोरांना वाटतं त्यापेक्षा रुई फारच कमी निघते.

आता सांगा की १७९३ मध्ये एली व्हिटनी नावाच्या माणसाने अमेरिकेत सरकी काढायचं यंत्र बनवलं. हाताने एक माणूस दिवसाला जेमतेम पाउंडभर, म्हणजे साडेचारशे ग्रॅम रुई साफ करायचा. हाताने फिरवायच्या या यंत्रावर ५० पाउंडांपर्यंत व्हायची. आपल्याकडे लाकडी रुळांची चरकी कित्येक शतकं होती, हेही सांगा. नाहीतर पोरांना वाटतं की सगळं तिकडेच सुचलं. अमेरिकेच्या आतल्या भागात होणाऱ्या हिरव्या सरकीच्या कापसाचा धागा सरकीला फार चिकटून असे, तो रुळांच्या यंत्रातून नीट सुटत नसे. अडचण त्या जातीची होती.

इथे थांबा आणि अंदाज घ्या. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचं काम आफ्रिकेतून धरून आणलेल्या आणि त्यांच्या पोटी जन्मलेल्या गुलामांकडून करून घेत. यंत्र आलं, काम वाचलं. मग गुलामांची संख्या कमी झाली असेल की वाढली? हात वर करायला लावा. माझ्या वर्गात दरवर्षी जवळजवळ सगळे ‘कमी’ म्हणतात. मग फळ्यावर दोन आकडे लिहा :

१७९० : सुमारे ७ लाख
१८६० : सुमारे ४० लाख

का, हे तुम्ही सांगू नका. एका वर्षी वेचणीला जाऊन आलेला पोरगाच बोलला, “मॅडम, वेचाले त हातच लागते.” बरोबर. साफ करणं स्वस्त झालं, म्हणून पेरा वाढला. पेरा वाढला म्हणून वेचायला माणसं हवीत, आणि वेचणीचं यंत्र नव्हतं. जमीन कुठून आली, हा पुढचा प्रश्न. १८३० मध्ये कायदा करून दक्षिणेतल्या मूळ रहिवासी जमातींना मिसिसिपी नदीच्या पलीकडे घालवलं. आमच्या वर्गात गोंड आणि कोलाम मुलं आहेत, हा भाग त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

तासिका ४ आणि ५ : गुलामगिरी, जपून

पहिल्या वर्षी मी गुलामांच्या लिलावाचं नाटुकलं बसवलं होतं. पाचव्या मिनिटाला वर्ग खिदळायला लागला आणि ‘गुलाम’ झालेल्या मुलाला पुढे महिनाभर त्याच नावाने हाका मारल्या जात होत्या. चूक माझी होती. या विषयात नाटक नको, साखळदंडांची चित्रं भिंतीवर नकोत, आणि ‘समजा तुम्ही गुलाम आहात’ असा निबंधही नको. तेरा वर्षांच्या मुलाला ते दुःख अंगावर घेता येत नाही, मग तो त्याची थट्टा करतो.

त्याऐवजी एक माणूस निवडा आणि त्याच्याबद्दल सावकाश बोला. मी फ्रेडरिक डग्लस घेते. मेरीलँडमध्ये १८१८ च्या सुमारास गुलाम आईच्या पोटी जन्मला. सुमारास अशासाठी, की त्याला स्वतःची जन्मतारीख कधीच कळली नाही. सुतळीवर नुकतंच स्वतःचं जन्मसाल लावलेल्या पोरांना हे वाक्य लागतं. मालकिणीने त्याला अक्षरं शिकवायला घेतली, तेव्हा गुलाम शिकला तर हाताबाहेर जाईल म्हणून मालकाने ते बंद केलं. मग त्याने बाल्टिमोरच्या रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना भाकरतुकडा देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकून घेतलं. १८३८ मध्ये तो पळाला आणि पुढे गुलामगिरीविरुद्धचा सगळ्यांत नावाजलेला वक्ता झाला.

शिकायला बंदी म्हटल्यावर कोणीतरी सावित्रीबाईंचं नाव काढतंच. तोच धागा धरा. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, तिथल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी झीज सोसली म्हणून. अमेरिकेत घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली १८६५ च्या अखेरीस. सुतळीवर या दोन चिमट्यांत २४ सेंटीमीटरचं अंतर आहे. पुण्यात बसलेल्या माणसाला तिकडच्या लढाईत स्वतःचं काय दिसलं असेल, हा प्रश्न घरी लिहून आणायला द्या. मला या एका प्रश्नावर जितकी चांगली उत्तरं मिळाली तितकी पूर्ण पाठाच्या स्वाध्यायावर नाही.

एक पथ्य पाळा. जातीचा विषय निघेल, निघू द्या, पण वर्गातल्या कोणालाही ‘तुझ्या घरी काय अनुभव आहे’ असं विचारू नका. ज्याला बोलायचं असेल तो बोलेल. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, ते या दोन तासिकांतच उरकून घ्या. बंदी व्यापारावर होती, ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामगिरीवर कायदा व्हायला १८३३ उजाडलं. पाठ्यपुस्तकं वाचून पोरं या दोन गोष्टींची गल्लत करतात.

तासिका ६ : मँचेस्टरचा कामगार कोणाच्या बाजूने?

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटलं. राष्ट्राध्यक्ष लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त तिथूनच यायचा. मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्या बंद पडल्या, हजारो कुटुंबं धर्मादाय खिचडीवर आली. (तिकडे खिचडी नव्हे, सूप. पण वर्गात खिचडीच म्हणा.)

पोरांना सांगा : तुम्ही गिरणी कामगार आहात, चूल बंद आहे. उत्तर जिंकलं तर गुलाम सुटतील, पण कापूस कधी येईल सांगता येत नाही. इंग्लंडने दक्षिणेला मदत केली तर नाकेबंदी मोडेल, गिरणी सुरू होईल. तुम्ही काय म्हणाल? दहा मिनिटं भांडू द्या. इथे भूमिका घेणं चालतं, कारण निवड करायची आहे, अपमान सोसायचा नाही.

मग सांगा की ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं आणि जानेवारीत लिंकनने त्यांना उत्तर लिहिलं. मँचेस्टरमध्ये आज लिंकनचा पुतळा आहे. लगेच दुसरी बाजूही सांगा : सगळे कामगार या मताचे नव्हते आणि लिव्हरपूलच्या कितीतरी व्यापाऱ्यांची सहानुभूती दक्षिणेकडे होती. पोरांना थोर माणसांच्या गोष्टी आवडतात, पण गोष्ट फार गोड झाली की तिथे चिमूटभर मीठ टाकावं.

तासिका ७ आणि ८ : चिंचोक्यांचा शेअर बाजार

कापूस अमेरिकेतून येईना, म्हणून इंग्लंडचे व्यापारी मुंबईकडे वळले. भाव कितीतरी पटींनी चढला, मुंबईत पैशाचा पूर आला. तो कुठे गुंतवावा हे कळेना तेव्हा रोज नवीन बँका आणि कंपन्या निघायला लागल्या. बॅक बेचा समुद्र भरून जमीन करायची, तिचेही शेअर. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद या सगळ्याचे राजे. हे सांगून कळत नाही, खेळून कळतं.

प्रत्येकाला २० चिंचोके द्या. चार मुलांना चार कंपन्या करा : समुद्र भरणारी, जहाजांची, गाठी दाबणारी आणि एक बँक. कंपनीने पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्यांवर शेअर लिहायचे आणि लिलावाने विकायचे. बँकेकडे जादा २०० चिंचोके, ते तिने शेअर तारण ठेवून उसने द्यायचे. दर पाच मिनिटांनी तुम्ही बातमी वाचायची : लिव्हरपूलला भाव वाढला, आणखी वाढला, युद्ध लांबलं. तिसऱ्या बातमीला वर्गात असा गोंगाट होतो की शेजारच्या वर्गाचे गुरुजी डोकावून जातात, त्यांना आधी सांगून ठेवा. समुद्र भरणाऱ्या कंपनीने समुद्रात अजून एक टोपली माती टाकलेली नाही, हे कोणीही विचारत नाही. विचारणारा निघाला तर त्याला शाबासकी द्या.

मग शांतपणे वाचा : ९ एप्रिल १८६५, दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. बँक उसने परत मागते. सगळे विकायला धावतात, घ्यायला कोणी नाही. मुंबईत हिशेब चुकते करायची तारीख होती १ जुलै १८६५, त्या दिवशी बाजार आपटला. प्रेमचंदही बुडाले, पण त्यांनी आईच्या नावाने विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही घड्याळ दाखवतो. मुंबईला सहल जात असेल तर तिथे थांबा.

खेळ संपल्यावर चिंचोके मोजायच्या आधी एक प्रश्न विचारा : या खेळात शेतकरी कुठे होता? वर्ग एकमेकांकडे बघतो. कोणालाच शेतकरी केलं नव्हतं, मुद्दामच. दुसऱ्या दिवशीची तासिका तिथून सुरू करायची.

तासिका ९ : सुप्याच्या बाजारात काय जाळलं?

१२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पोरांना विचारा की त्यांनी काय जाळलं असेल. धान्य, घर, दुकान, सगळे अंदाज येतात. मुख्यतः त्यांनी मागितले आणि जाळले ते कर्जरोखे आणि वह्या. दंग्याचं लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला.

आता कारणांच्या चिठ्ठ्या करा. कापसाचा भाव पडला. तेजीत हात सैल सोडणाऱ्या सावकारांनी उसनं देणं आखडलं. १८६७ च्या सुमारास फेरमोजणी होऊन शेतसारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांत नवा करावा लागे, दर वेळी व्याज मुद्दलात चढे. कोर्टात कागद बोले आणि कागद शेतकऱ्याला वाचता येत नसे. गटांनी या चिठ्ठ्या महत्त्वाच्या क्रमाने लावायच्या आणि क्रम का ते सांगायचं.

आठ तासिका अमेरिका-अमेरिका केल्यावर पोरं ‘अमेरिकेतल्या युद्धामुळे सुप्यात दंगा झाला’ असं एका दमात म्हणतात. तिथेच अडवा. सुपे परिसर काही कापसाचं आगर नव्हे, तिथे ज्वारी-बाजरी. मग दूरच्या युद्धाचा हात किती? इतिहासकारांत यावर मतभेद आहेत. ‘धागा आहे, पण तो एकटा नाही’ एवढं आठवीच्या पोराला कळलं तर मी खूश असते. वस्तूच्या मागे धावताना सगळं तिलाच चिकटवायचा मोह शिक्षकालाच आधी होतो.

आणखी दोन गोष्टी सांभाळा. दंग्यात ज्यांच्या वह्या जळाल्या त्यांत मारवाडी आणि गुजराती सावकार बरेच होते. तुमच्या वर्गात मारवाडी मूल असेल. बोलणं धंद्याच्या रीतीबद्दल ठेवा, समाजाबद्दल नको. दुसरी गोष्ट आमच्या भागात फार जवळची आहे. कर्ज हा शब्द उच्चारल्यावर एखादं मूल खाली बघतं. त्याच्या घरात काय घडलंय ते आपल्याला माहीत असतं किंवा नसतं. त्या दिवशी घरची उदाहरणं मागायची नाहीत, आणि तास संपल्यावर दारात जरा रेंगाळायचं.

तासिका १० : गावातला दगड

पहिलं महायुद्ध मी एका तासिकेत घेते, पण गावात जाऊन. महाराष्ट्रात अनेक गावांत चावडीवर किंवा वेशीजवळ संगमरवरी पाटी सापडते, इंग्रजीत किंवा मराठीत : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतके मेले. सातारा जिल्ह्यात आणि कोकणात अशा पाट्या जास्त. पाटी असेल तर पोरांनी ती घासून पुसून वाचावी, कागदावर पेन्सिलने छाप घ्यावा आणि ही माणसं कुठे गेली असतील ते नकाशावर शोधावं. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्यांतल्या काही अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये सगळी फौज शरण गेली. साराजेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झालेल्या गोळीबारापासून सुरुवात केली की पोरांना वाटतं हे सगळं युरोपातलं भांडण. पाटीपासून सुरुवात केली की प्रश्न आपोआप येतो : आपल्या गावचा माणूस तिकडे कशाला गेला? पाटी नसेल तर ही तासिका सोडून द्या, मी आमच्याकडे शेजारच्या तालुक्यातल्या पाटीचा फोटो वापरते.

तासिका ११ : दुसरं महायुद्ध, आणि हिटलरचा प्रश्न

पुन्हा कापूस. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज फुटलं. त्यात दारूगोळा होता, सोन्याच्या विटा होत्या आणि त्यांच्याबरोबर भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. आग कापसात धुमसली आणि दारूगोळ्यापर्यंत गेली. शेकडो माणसं गेली, विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही. म्हणून १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. पोरांना ती तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची म्हणून तोंडपाठ असते, त्यामुळे विसरत नाहीत. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात का भरला, यावर त्यांना बोलू द्या. वेचणीच्या दिवसांत घरात कापसाची गंजी लागलेली असताना विडी पेटवणाऱ्या काकांना आजी काय म्हणते, ते सगळ्यांना माहीत असतं.

दुसरा थांबा कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बाया आणि मुलं. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पोलंडमध्ये घुसला हे पुस्तकात असतं. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशिया घुसला हे पोरांना ठाऊक नसतं. रशियाने हद्दपार केलेली ही माणसं सैबेरिया, कझाकस्तान, इराण असा प्रवास करून पंचगंगेच्या काठी आली. ती वाट नकाशावर दोऱ्याने आखा. कोण चांगले, कोण वाईट, याचं दोन रंगांचं चित्र तिथे आपोआप मोडतं.

आणि मग कोणीतरी विचारतंच : “मॅडम, हिटलर तर लय डेअरिंगबाज होता ना?” दटावू नका. मोबाईलवर त्याची भाषणं जोशपूर्ण संगीत लावून फिरत असतात, पोरगं तेच बोलतंय. दटावलं की हिटलर आणखी भारी वाटतो. मी हिटलरबद्दल बोलतच नाही, त्या देशातल्या एका तेरा वर्षांच्या ज्यू मुलाच्या शेजाऱ्याबद्दल बोलते. फळ्यावर ओळी लिहिते. १९३३ : दुकानांवर बहिष्कार. १९३५ : नागरिकत्व काढलं, ज्यू नसलेल्यांशी लग्नावर बंदी. नोव्हेंबर १९३८ : प्रार्थनास्थळं जाळली, त्याच महिन्यात ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढलं. १९४१ : कपड्यांवर पिवळा तारा. प्रत्येक ओळीला विचारते, शेजाऱ्याने आज काय केलं असतं? पहिल्या ओळीला सगळे ‘विरोध’ म्हणतात, तिसऱ्या ओळीला आवाज बारीक होतो, कारण एव्हाना विरोध करणाऱ्यालाही उचलून नेत होते. पुढे साठ लाख ज्यू मारले गेले हा आकडा मी सांगते. छळछावण्यांचे फोटो आठवीला दाखवत नाही, नववी-दहावीत बघतील.

तासिका १२ : तपासायचं कसं

सनावळ्यांची परीक्षा घेऊ नका, सुतळी समोर ठेवूनच लिहायला लावा. मी तीन प्रश्न देते. एक : सुतळीवरचे कोणतेही दोन चिमटे घ्या आणि पहिल्यामुळे दुसरं कसं झालं किंवा का झालं नाही ते आठ-दहा ओळींत सांगा. दोन : ‘यंत्र आलं की कष्ट कमी होतात’, हे खरं आहे का, एक बाजूचं आणि एक विरुद्ध बाजूचं उदाहरण द्या. तीन : या बारा तासिकांत ज्याचं नाव आलं नाही असा एक माणूस सांगा, ज्याच्याशिवाय ही गोष्ट घडली नसती.

गुण देताना तारखेला एक, कारणाला तीन, आणि ‘पण’ किंवा ‘तरीही’ वापरून स्वतःचं म्हणणं तपासलं असेल तर दोन. वरिष्ठांना तपासणीत लेखी पुरावा लागतो, या वह्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या फाईलला लावा, कोणी हरकत घेत नाही. तिसऱ्या प्रश्नाला यंदा आलेली उत्तरं : वेचणारी बाई, जहाजात गाठी चढवणारा हमाल, कर्जरोखा लिहिणारा कारकून, आणि एकाने लिहिलं होतं ‘बैल’. त्याला मी पूर्ण गुण दिले.

राहिलेला कापूस ज्याच्या घरून आणला त्याला तोलून परत करा. सरकी काढलेला असेल तर रुई आणि सरकी वेगवेगळ्या पिशव्यांत. गेल्या वर्षी मी विसरले होते, तर चौथ्या दिवशी एका मुलाची आजी शाळेत आली आणि अर्धा किलो कापसाचा हिशोब विचारून गेली.